काजव्याच्या विकराची साक्ष

छत्रपती संभाजीनगरच्या औषधउद्योगाची आणि रसायनसंशोधनाची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. चिकलठाणा, वाळूज आणि पैठण येथील औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. चिकलठाण्यातील वोखार्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन व नॅफिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांवर संशोधन झाले. आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, तसेच शहरातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत, नवनवी कार्बनी संयुगे तयार करण्याची परंपरा रुजली आहे. मात्र संयुग हाती आले आणि त्याची रचना निश्चित झाली, म्हणजे औषधाचा शोध पुरा होत नाही. ते संयुग सजीव पेशीत गेल्यावर नेमके काय करते, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळत नाही.

प्रतिजैविकांच्या बाबतीत या प्रश्नाची पहिली पायरी तुलनेने सरळ असते, कारण जिवाणू वाढले की वाढले नाहीत एवढे पाहून संयुगाच्या सामर्थ्याचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. मधुमेह, दमा, संधिवात किंवा कर्करोग अशा विकारांत मात्र कोणाला मारायचे नसून शरीरातील पेशींचे आपापसांतील संदेशवहन दुरुस्त करायचे असते, आणि संदेश डोळ्यांना दिसत नाही. हा न दिसणारा संदेश मोजता येईल अशा प्रकाशात रूपांतरित करण्याची एक युक्ती गेल्या चार दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांनी आपलीशी केली आहे. तिला ल्युसिफरेज रिपोर्टर चाचणी म्हणतात आणि तिच्या मुळाशी काजव्याच्या शरीरातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. या चाचणीत पेशी संशोधकापुढे एक साक्ष नोंदवते. ती साक्ष मोलाची असली तरी उलटतपासणीशिवाय ग्राह्य धरता येत नाही, आणि ज्या वनस्पतिजन्य द्रव्यांवर आपल्याकडे सर्वाधिक संशोधन होते, त्यांच्याच बाबतीत ती अधिक वेळा फसवी ठरू शकते.

संदेशाचा मार्ग

पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही नावाची प्रथिने असतात. रक्तातून आलेले संप्रेरक किंवा दुसऱ्या पेशीने सोडलेले रसायन ग्राहीला चिकटले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, त्या बदलाची दखल पेशीच्या आतील प्रथिने घेतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे असा संदेश पुढे सरकत अखेर केंद्रकापर्यंत पोहोचतो. उदाहरणार्थ, ॲड्रिनलिन हे संप्रेरक आपल्या ग्राहीला चिकटल्यावर ॲडेनिलिल सायक्लेज नावाचे विकर जागे होते आणि ते पेशीतील एटीपीपासून चक्रीय एएमपी हा छोटा रेणू तयार करते. या रेणूच्या शोधाबद्दल आणि संप्रेरकांची कार्यपद्धती उलगडल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढले की आणखी एक विकर सक्रिय होते, ते क्रेब नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडते, आणि मग हे प्रथिन डीएनएवरील एका ठरावीक अक्षरक्रमावर कार्यरत होऊन शेजारची जनुके चालू करते.

जनुकाच्या आरंभी असणाऱ्या आणि त्याचे चालू-बंद ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाला प्रवर्तक म्हणतात, तर त्यातील ज्या छोट्या अक्षरक्रमावर विशिष्ट मार्गाचे प्रथिन येऊन बसते, त्याला त्या मार्गाचा प्रतिसादक्रम म्हणता येईल. प्रत्येक प्रमुख संदेशमार्गाचा असा स्वतःचा प्रतिसादक्रम असतो. चक्रीय एएमपीच्या मार्गाचा क्रम वेगळा, स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनच्या ग्राहीचा वेगळा, आणि दाह व प्रतिकारशक्ती यांच्याशी निगडित असलेल्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचा वेगळा. एनएफ-कप्पा-बी प्रथिनाचा शोध १९८६ मध्ये अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी लावला होता. मार्ग आणि क्रम यांची ही जोडी ठरलेली असल्यामुळेच पुढची युक्ती शक्य होते. एखाद्या मार्गाचा प्रतिसादक्रम घेऊन त्यापुढे सहज मोजता येईल अशा प्रथिनाचे जनुक जोडले आणि ते पेशीत घातले, तर तो मार्ग चालू झाल्याची खबर ते प्रथिन देऊ लागते. अशा खबर देणाऱ्या जनुकाला रिपोर्टर जनुक म्हणतात.

प्रकाश देणारे रसायन

सजीवांच्या प्रकाशाचे रसायन उलगडण्याचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रकाशणाऱ्या भुंग्यांवर आणि शिंपल्यांवर प्रयोग करून दाखवले, की प्रकाशासाठी दोन घटक लागतात. त्यांपैकी एक उष्णतेने नष्ट होतो आणि दुसरा उष्णतेतही टिकतो. उष्णतेत टिकणाऱ्या द्रव्याला त्याने ल्युसिफेरिन आणि उष्णतेने निकामी होणाऱ्या विकराला ल्युसिफरेज अशी नावे दिली. १९४७ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम मॅकएलरॉय यांनी काजव्याच्या प्रकाशाला एटीपी, म्हणजे सर्व पेशींचे ऊर्जाचलन असलेला रेणू, आवश्यक असल्याचे सिद्ध केले. संशोधनासाठी लागणारे काजवे बाल्टिमोरमधील मुलांनी पकडून आणावेत म्हणून ते त्यांना पैसे देत असत. १९८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील केंद्रात मार्लीन डिलुका, डोनाल्ड हेलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटिनस पायरालिस या अमेरिकी काजव्याच्या ल्युसिफरेजचे जनुक वेगळे केले, आणि पुढच्या दोनच वर्षांत ते जनुक तंबाखूच्या रोपात तसेच सस्तन प्राण्यांच्या पेशींत कार्यरत करून दाखवण्यात आले.

ल्युसिफरेज हे ५५० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ल्युसिफेरिन, एटीपी आणि ऑक्सिजन एकत्र आले की ते ल्युसिफेरिनचे ऑक्सिडीकरण घडवते, आणि त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाच्या रूपाने प्रकटते. मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरातील झाडांवर पसरणारा काजव्यांचा प्रकाश याच प्रकारच्या क्रियेतून निर्माण होतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी केलेल्या काटेकोर मापनानुसार, क्रियेत सहभागी होणाऱ्या ल्युसिफेरिनच्या १०० रेणूंमागे सुमारे ४१ प्रकाशकण मिळतात, आणि रासायनिक प्रकाशनिर्मितीच्या मानाने हे प्रमाण फार मोठे आहे.

रिपोर्टर म्हणून हे विकर इतके सोयीचे का ठरले, याचे कारण त्याच्या चमकेइतकेच पार्श्वभूमीच्या अंधारातही आहे. मानवी पेशी स्वतः जवळजवळ प्रकाशत नाहीत आणि या मापनासाठी बाहेरून प्रकाशही टाकावा लागत नाही, त्यामुळे यंत्राला जो प्रकाश दिसतो तो जवळपास सर्वच्या सर्व ल्युसिफरेजचा असतो. परिणामी अत्यंत अल्प विकरही ओळखू येते आणि अल्पापासून विपुलापर्यंतची मोठी व्याप्ती एकाच मोजपट्टीवर मोजता येते.

चाचणीची रचना

चाचणीसाठी आधी पेशी लागतात. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणाऱ्या पेशींच्या समूहाला पेशीवंश म्हणतात, आणि भारतातील संशोधन संस्थांना असे पेशीवंश पुरवणारे राष्ट्रीय भांडार पुण्यातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत आहे. मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातील पेशींपासून १९७३ मध्ये तयार झालेला एचईके-२९३ हा वंश या कामात विशेष लोकप्रिय आहे, कारण त्यात बाहेरचे डीएनए सहज शिरते. पेशी ३७ अंश सेल्सियस तापमानात आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात वाढवल्या जातात, त्यांत प्रतिसादक्रम आणि ल्युसिफरेजचे जनुक असलेला डीएनएचा वर्तुळाकार तुकडा, म्हणजे प्लाझ्मिड, घातला जातो, आणि मग त्या पेशी अपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिकच्या तबकड्यांतील छोट्या खळग्यांत समप्रमाणात वाटल्या जातात. एका तबकडीत ९६, ३८४ किंवा मोठ्या यंत्रचलित प्रयोगशाळांत १५३६ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात एक संयुग ठरावीक संहतीत घातले जाते, काही तास वाट पाहिली जाते, नंतर पेशी फोडून त्यांत ल्युसिफेरिन आणि एटीपी असलेले द्रावण मिसळले जाते, आणि ल्युमिनोमीटर नावाचे यंत्र प्रत्येक खळग्यातील प्रकाश मोजून आकडा देते.

हा आकडा सुटा पाहिला तर त्याला अर्थ नसतो. एका खळग्यात पेशी अधिक पडल्या किंवा त्यांत प्लाझ्मिड अधिक शिरले, तरी प्रकाश वाढतो. ही अडचण दूर करण्यासाठी पेशींत दुसरेही एक ल्युसिफरेज घातले जाते, आणि ते बहुधा रेनिला नावाच्या सागरी प्राण्यापासून घेतलेले असते. ते वेगळे द्रव्य वापरून सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते, त्याला एटीपी लागत नाही, आणि त्याचे जनुक संदेशमार्गाशी संबंध नसलेल्या, सतत चालू असणाऱ्या प्रवर्तकाला जोडलेले असते. समजा, एका खळग्यात काजव्याच्या विकराचा आकडा २४,००० आणि रेनिलाचा ८,००० आला, तर दुसऱ्यात ते अनुक्रमे १२,००० आणि ४,००० आले. पहिला खळगा दुप्पट उजळ दिसत असला, तरी दोन्हींचे गुणोत्तर तीनच आहे, म्हणजे फरक पेशींच्या किंवा प्लाझ्मिडच्या प्रमाणाचा असून संयुगाचा नाही, असा निष्कर्ष निघतो.

प्रत्येक तबकडीत दोन प्रकारचे नियंत्रण खळगेही ठेवावे लागतात. एकात फक्त संयुग विरघळवणारा द्रावक, बहुधा डायमिथिल सल्फॉक्साइड, तर दुसऱ्यात तो मार्ग खात्रीने चालू करणारे ज्ञात द्रव्य असते. या दोन टोकांमधील अंतर त्यांच्या स्वतःच्या चढउताराच्या तुलनेत पुरेसे मोठे असेल, तरच मधल्या संयुगांबद्दल बोलता येते. हे मोजण्यासाठी १९९९ मध्ये झांग, चुंग आणि ओल्डेनबर्ग यांनी झेड-प्राइम नावाचा निर्देशांक मांडला. दोन्ही टोकांच्या प्रमाण विचलनांची बेरीज करायची, तिची तिप्पट घ्यायची, तिला दोन सरासरींमधील फरकाने भागायचे आणि आलेला भागाकार एकातून वजा करायचा. नकारात्मक नियंत्रणाची सरासरी १,००० आणि विचलन ८०, तर सकारात्मक नियंत्रणाची सरासरी १२,००० आणि विचलन ९०० मानले, तर निर्देशांक सुमारे ०.७३ येतो. ०.५ आणि त्याहून अधिक निर्देशांकाची चाचणी संयुगांची चाळणी करण्यास उत्तम समजली जाते.

मुलुंडमध्ये सापडलेले प्रमाणद्रव्य

चक्रीय एएमपीच्या मार्गाची चाचणी जगात कोठेही घेतली, तरी सकारात्मक नियंत्रणाच्या खळग्यात बहुधा फोर्स्कोलिन हे द्रव्य असते, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. १९७० च्या दशकात मुंबईतील मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रात भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर तपासणी चालू होती. तुळशी-पुदिन्याच्या कुळातील कोलियस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांपासून सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे केले आणि १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. याच वनस्पतीच्या मुळांचे गुजरातेत गरमर या नावाने लोणचे घालतात. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही या वनस्पतीवर स्वतंत्र काम चालू होते आणि तेथे मिळालेल्या द्रव्याला कोलिओनॉल हे नाव देण्यात आले होते. मुलुंडच्या औषधशास्त्रज्ञांना या द्रव्याने रक्तदाब कमी होतो आणि हृदयाच्या आकुंचनाचे बळ वाढते, असे दिसून आले.

हे नेमके कशामुळे घडते, याचे उत्तर १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील सीमन, पॅजेट आणि डेली यांच्या संशोधनातून मिळाले. फोर्स्कोलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला वळसा घालून थेट ॲडेनिलिल सायक्लेजला सक्रिय करते. जवळपास प्रत्येक प्रकारच्या पेशीत हे विकर असल्यामुळे फोर्स्कोलिन हे या मार्गाचे सार्वत्रिक प्रमाणद्रव्य ठरले, आणि त्याचेच पाण्यात विरघळणारे रूप असलेले कॉलफोर्सिन डॅरोपेट हे औषध जपानमध्ये हृदयविकारासाठी वापरात आले.

फोर्स्कोलिनचे महत्त्व केवळ स्थानिक अभिमानापुरते नाही. एखादे संयुग संदेशमार्गावर खरोखर काम करते असे कशाच्या आधारे म्हणावे, याचा आदर्श त्याने घालून दिला आहे. त्याने वाढलेले चक्रीय एएमपी स्वतंत्र पद्धतींनी थेट मोजले गेले. त्याच्यासारखीच रचना असलेले १,९-डायडिऑक्सिफोर्स्कोलिन हे भावंड ॲडेनिलिल सायक्लेजला सक्रिय करत नाही, त्यामुळे तुलनेसाठी एक निष्क्रिय जोडीदारही उपलब्ध झाला. पुढे १९९७ मध्ये ॲडेनिलिल सायक्लेजच्या क्रियाशील भागात बसलेल्या फोर्स्कोलिनची स्फटिकरचनाही प्रसिद्ध झाली. ल्युसिफरेजचा प्रकाश या मालिकेतील केवळ एक पुरावा आहे आणि बाकीचे पुरावे त्यावाचूनही उभे राहतात.

हळद, द्राक्षे आणि सोयाबीन

सर्वच द्रव्यांच्या बाबतीत असे होत नाही. मराठवाड्यातील एखाद्या संशोधकाने परिसरातील पिकांपासून संयुगे घेऊन त्यांची संदेशमार्गांवरील क्रिया तपासायची ठरवले, तर हिंगोली-नांदेड भागातील हळद, जालना जिल्ह्यातील कडवंचीची द्राक्षे आणि लातूरच्या बाजारपेठेतील सोयाबीन ही नावे साहजिकच पुढे येतील. या तिन्हींतील बहुचर्चित द्रव्ये ल्युसिफरेज चाचणीत तीन वेगवेगळ्या प्रकारे दिशाभूल करू शकतात.

द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल हे द्रव्य काजव्याच्या ल्युसिफरेजलाच अडवते, हे २००६ मध्ये दाखवून देण्यात आले. म्हणजे त्याच्या सान्निध्यात प्रकाश कमी झाला, तर संदेशमार्ग मंदावला असेल किंवा मार्ग पूर्ववत चालू असून केवळ प्रकाश देणारे विकर अडले असेल, आणि आकडा पाहून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

सोयाबीनमधील जेनिस्टीन हे इस्ट्रोजेनच्या ग्राहीला खरोखर चिकटते, त्यामुळे त्याची साक्ष सर्वस्वी खोटी नाही, पण ती अतिरंजित होते. इस्ट्रोजेनच्या ल्युसिफरेज चाचणीत जेनिस्टीनचा प्रकाश कित्येकदा खुद्द इस्ट्रोजेनच्या कमाल मर्यादेच्याही पुढे जातो, आणि हा अतिरिक्त प्रकाश ग्राहीच्या क्रियेतून न येता ल्युसिफरेजच्या स्थिरीकरणातून येतो. रसायनांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्या ओईसीडी संघटनेच्या मार्गदर्शिकेतही वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांच्या उच्च संहतीतील निष्कर्षांबाबत सावधगिरीची सूचना आहे.

हळदीतील कर्क्युमिनचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ते एनएफ-कप्पा-बीचा मार्ग दाबते, असे सांगणारे विपुल लेखन गेल्या तीन दशकांत झाले. परंतु हे गडद पिवळे द्रव्य जांभळा-निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे निळा प्रकाश देणाऱ्या विकरांच्या मापनात ते अडथळा आणू शकते. शरीराइतकाच सामू (पीएच) असलेल्या द्रावणात ते थोड्याच वेळात विघटित होते. अनेक असंबद्ध प्रथिनांशी अभिक्रिया करते. आणि अधिक संहतीत पेशींना मारक ठरते. मरणाऱ्या पेशी प्रकाश देत नाहीत, मग तो कोणताही मार्ग असो. २०१७ मध्ये एका अमेरिकी संशोधकगटाने जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री या नियतकालिकात कर्क्युमिनविषयक पुराव्याची झाडाझडती घेऊन चाचण्यांत व्यत्यय आणणाऱ्या द्रव्यांचे ते ठळक उदाहरण असल्याचे मत मांडले. हळदीच्या स्वयंपाकातील आणि परंपरेतील स्थानाला याने बाध येत नाही. चाचणीतील एका आकड्यावरून औषधी दावा करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अवरोधकामुळे प्रकाश वाढतो तेव्हा

विकराला अडवणारे द्रव्य प्रकाश कमी करील, हे समजण्यासारखे आहे. त्याच्या नेमके उलट घडते तेव्हा फसगत अधिक खोल असते. पेशीतील ल्युसिफरेज सतत तयार होत असते आणि काही तासांच्या अर्धायुष्याने सतत नष्टही होत असते. एखादे संयुग त्याला घट्ट चिकटले, तर विकराची घडी टिकून राहते, ते नष्ट होण्याचा वेग मंदावतो आणि पेशीत त्याचा साठा वाढत जातो. मापनाच्या वेळी भरपूर ल्युसिफेरिन आणि एटीपी ओतले की अवरोधक बाजूला सारला जातो, आणि साठलेले सर्व विकर एकदम प्रकाशू लागते. यंत्र मोठा आकडा दाखवते आणि जनुक जोमाने चालू झाल्याचा भास होतो, वास्तविक जनुकाच्या चालण्यात काहीही बदल झालेला नसतो.

या प्रकाराचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अटाल्युरेन या औषधाचे आहे. प्रथिननिर्मिती मध्येच थांबवणाऱ्या उत्परिवर्तनांवर उपाय म्हणून हे संयुग अमेरिकेत सुमारे आठ लाख संयुगांच्या चाळणीतून निवडले गेले आणि त्या चाळणीत काजव्याच्या ल्युसिफरेजचा उपयोग झाला होता. २००९ मध्ये डग्लस ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ते संयुग काजव्याच्या ल्युसिफरेजलाच चिकटून त्याला स्थिर करते आणि रेनिलाचे विकर वापरल्यास तो परिणाम दिसत नाही. विकसकांनी इतर पद्धतींच्या पुराव्याकडे बोट दाखवून आपली बाजू मांडली, आणि ड्युशेन स्नायुक्षय या आजारासाठी युरोपात २०१४ मध्ये औषधाला सशर्त परवानगीही मिळाली. मात्र परिणामकारकतेची पुरेशी खात्री न पटल्याने २०२५ मध्ये त्या परवानगीचे नूतनीकरण नाकारण्यात आले. चाळणीच्या पहिल्याच पायरीवर साक्षीदाराची स्वतंत्र तपासणी का हवी, हे यावरून स्पष्ट होते. रसायनांच्या मोठ्या संग्रहांचा अभ्यास झाल्यावर काजव्याच्या ल्युसिफरेजला अडवणारी संयुगे मुळीच दुर्मीळ नाहीत, हेही पुढे आले.

उलटतपासणीची रीत

या अनुभवांतून जी शिस्त घडली, ती आज कोणत्याही गंभीर प्रयोगशाळेत पाळली जाते. सक्रिय वाटलेले संयुग प्रथम शुद्ध ल्युसिफरेजबरोबर, पेशींशिवाय, तपासले जाते, म्हणजे ते विकरालाच अडवते का हे कळते. मग त्याच पेशींत, पण संदेशमार्गाशी संबंध नसलेल्या प्रवर्तकाला जोडलेल्या ल्युसिफरेजवर त्याची परीक्षा होते. तेथेही प्रकाश तसाच बदलला, तर परिणाम त्या मार्गाचा नाही. संयुग एकाच संहतीत न तपासता कमीतकमी सात-आठ वाढत्या संहतींत तपासले जाते आणि मात्रा व प्रतिसाद यांचा सुसंगत आलेख येतो का, हे पाहिले जाते. पेशी जिवंत असल्याची खात्री वेगळ्या तत्त्वावरील पद्धतीने करावी लागते, कारण जिवंतपणा मोजण्याची एक प्रचलित चाचणी एटीपीचे प्रमाण काजव्याच्या ल्युसिफरेजनेच मोजते आणि ल्युसिफरेजला अडवणारे संयुग तिलाही फसवते. शेवटी प्रकाशाचा संबंधच नसलेला पुरावा घ्यायचा असतो: चक्रीय एएमपीचे थेट मापन, मार्गातील प्रथिनाला फॉस्फेट जोडला गेला का याची तपासणी, किंवा पेशीच्या स्वतःच्या जनुकापासून तयार झालेल्या आरएनएची मोजणी.

एवढे करूनही संयुग औषध होत नाही. कृत्रिम प्रवर्तक घातलेल्या पेशींत जे घडते ते यकृत, आतडी आणि रक्ताभिसरण असलेल्या शरीरात घडेलच असे नाही. मात्र योग्य नियंत्रणांसह घेतलेली ही चाचणी हजारो संयुगांमधून पुढे नेण्याजोगी मोजकी संयुगे स्वल्प काळात वेगळी करते, आणि प्राण्यांवरील अनावश्यक प्रयोगही टाळते. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारित पद्धतींना स्थान दिले. एखादे द्रव्य त्वचेला ॲलर्जी आणेल का, हे ओळखण्यासाठी ओईसीडीने मान्य केलेली केराटिनोसेन्स ही चाचणी ल्युसिफरेज रिपोर्टरवरच उभी आहे. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत ल्युसिफरेजच्या प्रकाशाने जिवंत उंदरांतील अर्बुदांचे चित्रणही केले जाते, म्हणजे या तंत्राची जाणकारी महाराष्ट्रात आहे.

शहरापुढील काम

छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी रसायनशास्त्राचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी मोठ्या कष्टाने संयुगे तयार करतात. ती एका कुपीत आणि प्रबंधाच्या एका परिशिष्टात अडकून राहिली, तर ते श्रम अर्धेच फळाला येतात. प्रत्येक महाविद्यालयाने पेशीसंवर्धनाची स्वतंत्र सोय उभारावी, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही, कारण निर्जंतुक कक्ष, द्रव नायट्रोजनमधील साठवण, प्रकाशमापक यंत्र आणि जनुकबदल केलेल्या पेशींसाठी १९८९ च्या नियमांनुसार लागणारी संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, हे सर्व एका विभागाच्या आवाक्याबाहेरचे असू शकते. विद्यापीठ, महाविद्यालये आणि औषधउद्योग यांनी मिळून एक सामाईक चाचणी केंद्र चालवणे, त्यात शुद्धता सिद्ध झालेली संयुगेच घेणे, आणि सकारात्मक निकालांइतकेच नकारात्मक निकालही जपून ठेवणे, हे मात्र शक्य कोटीतील आहे. यंत्रे मागाहून मिळवता येतात, पुरावा तपासण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी लागते.

वाचकांसाठीही यात एक उपयुक्त बोध आहे. अमुक फळातील किंवा मुळातील द्रव्याने पेशींमधील रोगाचा मार्ग रोखला, अशी बातमी वाचनात आली, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत: तो परिणाम एकाच पद्धतीने दिसला की एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन पद्धतींनी, त्या वेळी पेशी जिवंत होत्या का, आणि निष्क्रिय जोडीदाराशी तुलना केली होती का. ज्या संशोधनाकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत त्याचा आदर करावा, आणि ज्याच्याकडे ती नाहीत त्याच्या दाव्यावर आपले आरोग्य किंवा पैसा सोपवू नये.